समुपदेशनाचे शिक्षण आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

व्यसनमुक्तीविषयक मराठी लेखनात अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ व ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकांचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने व पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ मध्ये पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या केंद्राची ही कथा समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, याविषयी दुमत नसावे. ती कशी वाचावी, हा खरा प्रश्न आहे.

पाठ्यपुस्तकात व्यसन म्हणजे लक्षणांची यादी असते. अवचटांकडे रुग्ण बोलतो, सावरतो, पुन्हा घसरतो. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच पुढे कार्यकर्ता होतो. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. घसरण म्हणजे उपचाराचा शेवट नव्हे, हे व्याख्यानाने पटत नाही, अशा कथनाने पटते. मात्र निवेदनातील जिव्हाळ्यामागे समुपदेशकाचे तंत्र झाकले जाते. रुग्णाने फसविल्यावर येणारा राग कसा हाताळावा, हे विद्यार्थ्याला केवळ सद्भावनेतून उमगणार नाही.

विद्यार्थ्याने काही आठवडे एखादी प्रिय सवय सोडून नोंदवही ठेवावी, असा एक प्रघात अन्यत्र आहे. त्याने सहानुभूती वाढते खरी. पण चहा सोडणाऱ्याची मजुरी बुडत नाही!

कर्जत-खालापूरमध्ये नेमका हाच मुद्दा कळीचा ठरतो. येथील अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परततात. निवासी उपचार म्हणजे बुडालेली मजुरी आणि तशीच राहिलेली उचल. खोपोली-रसायनीच्या पाळीच्या कामगारालाही दर आठवड्याची ठरलेली भेट सहज जमणारी नाही. अशा वेळी चुकलेल्या भेटीला ‘नकार’ हे पुस्तकी नाव देणारा विद्यार्थी निदान करत नसतो, दोषारोप करत असतो. ‘आदिवासी पितोच’ हा पूर्वग्रह त्याच दोषारोपाचे दुसरे रूप होय.

म्हणून क्षेत्रकार्याचे वेळापत्रक बदलणे अगत्याचे आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत आधी सिद्धान्त व नंतर क्षेत्रकार्य असा क्रम असतो. जून ते दिवाळी हे पहिले सत्र. याच काळात कुटुंबे वाडीवर असतात. दुसऱ्या सत्रात विद्यार्थी वाडीवर पोहोचतो, तेव्हा अनेक घरांना कुलूप असते.