‘अप्रीती’चा अर्थ आणि मुंबई उच्च न्यायालय

राजकारण आणि उच्च न्यायालय यांच्या संबंधाची चर्चा बहुधा न्यायाधीशांचा वंश, स्वभाव व नेमणूक यांच्या आधारे केली जाते. लोकमान्य टिळकांवरील खटल्यांविषयीचे मराठी लेखनही यास फारसे अपवाद नाही. परंतु हे खटले ज्या शब्दाभोवती फिरले त्याच्या अर्थनिर्णयाकडे पाहिले असता या उपपत्तीचे अपुरेपण ध्यानात येते. भारतीय दंडसंहितेच्या १२४अ कलमातील तो शब्द ‘डिसअफेक्शन’ होय. ‘अप्रीती’ हा त्याचा रूढ मराठी प्रतिशब्द.

नकारदर्शक पूर्वपदाचा अर्थ एकच नसतो. संस्कृत वैयाकरणांनी ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले असून अभाव आणि विरोध हे त्यांपैकी दोन आहेत. ‘अनास्था’ म्हणजे आस्थेचा अभाव. ‘अधर्म’ म्हणजे मात्र धर्माच्या विरुद्ध असलेली गोष्ट. मग ‘अप्रीती’ म्हणजे प्रेमाचा अभाव की प्रत्यक्ष वैरभाव? पहिला अर्थ घेतला तर सरकारवर प्रेम नसणे एवढ्यानेच गुन्ह्याचा पाया तयार होतो.

१८९७ साली, प्लेगचा कहर आणि २२ जून रोजी रँड यांच्यावर झालेला हल्ला या पार्श्वभूमीवर, न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला पहिला अर्थ सांगितला. ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरविले व त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी ‘प्रतोद’ पत्राच्या खटल्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दुसरा अर्थ मांडला : अप्रीती म्हणजे नुसता प्रेमाचा अभाव नव्हे, तर सत्तेविषयीची प्रत्यक्ष विरोधी भावना. तथापि या व्याख्येने आरोपी सुटले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

१८९८ च्या दुरुस्तीने या शब्दात द्रोह व शत्रुत्वभावना यांचा समावेश झाला. या सुधारित कलमाखाली १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ‘केसरी’तील लेखांचे जे इंग्रजी भाषांतर न्यायालयापुढे ठेवले गेले त्यावर टिळकांचा मुख्य आक्षेपांपैकी एक होता. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथील मराठी भाषणांबद्दल त्यांच्याकडून जामीन मागण्यात आला. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी काही वाक्ये आक्षेपार्ह मानूनही एकंदर परिणाम पाहिला आणि तो हुकूम रद्द केला. एका प्रसंगी ज्यूरी होती, दुसऱ्या प्रसंगी केवळ न्यायाधीश. हा भेद अर्थातच दुर्लक्षणीय नाही.

तरीही वंशाची उपपत्ती येथे टिकत नाही. दावर हिंदी होते. इतकेच नव्हे, तर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी त्यांनीच वकिली केली होती. बॅचलर इंग्रज होते. यावरून असे म्हणावे लागते की राजकारण न्यायालयात हुकूम म्हणूनच शिरते असे नाही. ते शब्दाच्या दोन शक्य अर्थांतील निवडीतूनही शिरते, आणि भयाच्या काळात व्यापक अर्थाकडे ओढ वाढते. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने स्ट्रेचींच्याच अर्थाला पुष्टी दिली. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची व्याप्ती हिंसेची वा सार्वजनिक अव्यवस्थेची चिथावणी एवढ्यापुरती मर्यादित केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात ‘अप्रीती’ नाही. सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांची भाषा तेथे आहे, आणि ‘धोका’ या शब्दाचा अर्थही न्यायालयांनाच ठरवावा लागणार आहे.

भाषांतराचा प्रश्न तर अद्याप तसाच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले व सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या एखाद्या मराठी लेखकावर असा आरोप आला, तर तालुक्याच्या न्यायालयात त्याची मराठी मूळ रूपात वाचली जाऊ शकेल. पण कोल्हापुरात, घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे, तिचा विचार इंग्रजीतून होईल. म्हणून उच्च न्यायालयांच्या स्वातंत्र्याचा अभ्यास करणाऱ्याने नेमणुकांच्या इतिहासाबरोबर दफ्तरातील भाषांतरेही मूळ लेखांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.