'बर्मीज डेज' : सत्ता आणि मौन

जॉर्ज ऑर्वेल यांची 'बर्मीज डेज' ही कादंबरी १९३४ मध्ये प्रथम न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशातील पोलीस सेवेत आलेले लेखकाचे अनुभव तिच्या मुळाशी आहेत. सत्तेमुळे येणाऱ्या भ्रष्टतेचा विचार करताना लाचखोर दंडाधिकारी यू पो क्यिन प्रथम डोळ्यांसमोर येतो. परंतु कादंबरीचे मर्म फ्लोरी या लाकूड व्यापाऱ्याच्या व्यक्तिरेखेत आहे. साम्राज्य ही लूट आहे, हे तो आपले भारतीय स्नेही डॉ. वीरास्वामी यांच्याजवळ खाजगीत बोलून दाखवतो. मात्र त्यांना युरोपियन क्लबचे सभासदत्व नाकारणाऱ्या निवेदनावर केवळ वाद टाळण्यासाठी सही करतो. पो क्यिन पापाचा हिशेब पॅगोडा बांधून फेडू पाहतो. फ्लोरीजवळ तेवढीही पळवाट नाही, कारण त्याला सत्य ठाऊक आहे. पुढे तो क्लबमध्ये डॉक्टरांचे नाव सुचवतो, पण हे उशिरा आलेले धैर्य त्यांना वाचवू शकत नाही. सत्ता अत्याचार करणाऱ्याचे हात बरबटवते, तशीच जाणत्याची जीभही बांधते, हा या कादंबरीचा निष्कर्ष आहे. आणि तो केवळ वसाहतकाळापुरता मर्यादित नाही.