गोष्ट कोण सांगतंय?

मराठी कादंबरीवरचं परीक्षण बहुतेक वेळा विषयापाशी सुरू होतं आणि विषयापाशीच संपतं. शेतीची परवड, स्थलांतर, महानगरातला एकटेपणा, जातवास्तव. कादंबरीत काय आहे ते कळतं. पण ते कोण सांगतंय, सांगणाऱ्याला ते कुठून कळलं आणि काय कळू शकलं नाही, याबद्दल चार ओळीही सापडत नाहीत. पहिली कादंबरी लिहायला घेतल्यापासून मला ही उणीव फार टोचते. माझी कादंबरी ऊसतोड टोळीची आहे. दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल देतो ते मी पाहिलेलं आहे, फडावरच्या कोप्या पाहिलेल्या आहेत. सामग्री हाताशी आहे. घोडं अडतं ते निवेदकापाशी.

म्हणून जुनी पुस्तकं पुन्हा काढली. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. साप्ताहिक त्यांचंच होतं; स्त्रियांच्या स्थितीवर निबंधांमागून निबंध लिहायला त्यांना कोण अडवणार होतं? पण त्यांनी नायिका यमूला बोलतं केलं. बालपणीच्या घरातलं जे तेव्हा तिला उमगलं नव्हतं, ते वाचकाला उमगतं, आणि त्या अंतरातून कादंबरीला धार येते. आपल्या कादंबरीनं इतक्या लवकर हे साधलं होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

1955 ची ‘बनगरवाडी’ हा तर मला निवेदनाचा पाठच वाटतो. व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर ‘मी’ म्हणून बोलतो, पण स्वतःबद्दल फार थोडं बोलतो. बैलाची जोडी नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, त्या प्रसंगाकडे बघा. दुसरा कुणी असता तर तिथं पानभर हळहळला असता. हा मास्तर बघतो आणि सांगतो. बाहेरून आलेला असल्यामुळे त्याला वाडीचं सगळं दिसतं, आणि बाहेरचाच असल्यामुळे त्याला काही बदलता येत नाही. दुष्काळात वाडी उठते तेव्हा तो हताश होतो, तरी आवाज चढवत नाही. उद्धव शेळके ‘धग’मध्ये (1960) तृतीयपुरुषी निवेदन वापरतात आणि कौतिकच्या इतके जवळ उभे राहतात की तिची कीव करायला जागाच उरत नाही.

मग 1963 मध्ये ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकरचा ‘मी’ वरवर सहज वाटतो, पण त्यामागं प्रचंड कारागिरी आहे. डायरी आहे, भविष्यातल्या इतिहासकारांचा आव आहे, आणि बहिणीच्या, मणीच्या, मृत्यूपाशी भाषेचा सगळा खेळकरपणा गळून पडतो. नंतरच्या कित्येकांनी मात्र त्यातली फक्त कुरकुर उचलली. तरुण, कंटाळलेला, सगळ्यांवर रागावलेला ‘मी’ इतक्या पुस्तकांतून भेटला की आता पहिल्या पानावरच तो ओळखू येतो. अपवाद आहेत. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तला नववीतला मुकुंद आणीबाणीच्या काळात जगतो, पण ती त्याला एका मुलाला दिसेल तेवढीच दिसते.

एक गोष्ट समीक्षेनं गांभीर्यानं घ्यायला हवी होती. ‘मृत्युंजय’ (1967) सहा जणांच्या तोंडून सांगितलेली आहे. कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण. घराघरांतल्या वाचकांनी हे सहा आवाज पिढ्यान्‌पिढ्या विनातक्रार वाचले. त्या पुस्तकाची अलंकारिक भाषा मला पेलवत नाही, पण वाचकाला अवघड रचना झेपत नाही ही आपल्याकडची समजूत त्यानं कधीच खोटी पाडलेली आहे. गंभीर कादंबरीनं त्यातून काही घेतलं नाही, कारण लोकप्रिय पुस्तकाकडून शिकायचं नसतं असं आपण ठरवून टाकलं.

अलीकडे हिंमत दिसते. रंगनाथ पठारे ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (2019) एका कुळाच्या शतकांचा पट मांडतात. नंदा खरे यांची ‘उद्या’ (2014) नजरेखाली ठेवलेल्या समाजाची गोष्ट सांगते. 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. बातमी झाली ती नकाराची. कादंबरीच्या रचनेवर तेवढी चर्चा झाली असती तर माझ्यासारख्याला ती फार उपयोगी पडली असती.

माझ्या कादंबरीपुरतं आता असं ठरवलं आहे. एक निवेदक कारखान्याचा चिटबॉय. कोणत्या गटात तोड, कोणती गाडी भरली, हे सगळं त्याच्या वहीत असतं, पण रात्री कोपीत काय घडतं ते त्याला दिसत नाही. दुसरी निवेदक बारा वर्षांची मुलगी. आईबाप फडात असताना ती धाकट्या भावंडांना सांभाळते. तिच्या बापानं उचल किती घेतली, याबद्दल दोघांचं सांगणं जुळत नाही. ते मी जुळवून देणार नाही.