इणसुत्त आणि घराचे कर्ज : एका प्रचलित अर्थाची समीक्षा

अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात इणसुत्त नावाचे एक लहान सुत्त आहे. गृहस्थाच्या दारिद्र्यापासून त्याची सुरुवात होते. दरिद्री माणूस कर्ज काढतो, व्याज कबूल करतो आणि मुदतीत ते देऊ शकत नाही. मग धनको तगादा लावतो, त्याची पाठ पुरवितो आणि अखेरीस त्याला बांधून नेतो. दालिद्दिय, इण, वड्ढि, चोदना, अनुचरिया आणि बन्धन अशा या सहा पायऱ्या असून त्यांतील प्रत्येक पायरी दुःखरूप आहे, असे भगवंत भिक्खूंकडून वदवून घेतात.

गेल्या काही वर्षावासांत कर्जत व खालापूर तालुक्यांतील विहारांतून या सुत्तावरील प्रवचने ऐकण्याचा योग आम्हांस आला. बहुतेकांचे तात्पर्य एकच होते : उपासकाने कर्ज काढू नये, कर्ज काढणारा तृष्णेच्या आहारी गेलेला असतो. अशाच एका प्रवचनानंतर बौद्धवाडीतील एक वृद्ध उपासक आम्हांस म्हणाले, "सर, कर्ज काढू नये हे पटलं. पण आम्हांला घरासाठी कर्ज देतंय कोण?" या प्रश्नाला प्रचलित अर्थात उत्तर नाही. म्हणून त्या अर्थाचीच तपासणी करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, प्रचलित अर्थ अगदीच निराधार नाही. सुत्ताच्या उत्तरार्धात श्रद्धा, ह्री, अपत्रपा, वीर्य व प्रज्ञा यांविना जगणाऱ्याला दरिद्री म्हटले आहे आणि त्याच्या दुराचरणाला कर्जाची उपमा दिली आहे. शिवाय विनयात ऋणकोला प्रव्रज्या देण्याची मनाई असून उपसंपदेच्या वेळी 'तू ऋणमुक्त आहेस ना?' हा प्रश्न विचारला जातो. परंतु उपमा कशी चालते, इकडे दुर्लक्ष होते. दुराचरण हे कर्जासारखे आहे, असे सुत्त म्हणते. कर्ज हे दुराचरण आहे, असे म्हणत नाही. उपमान आणि उपमेय यांची अदलाबदल केली की, दुःखाचे वर्णन दोषारोप होऊन बसते. पूर्वार्धात पहिले दुःख कर्जाचे नसून दारिद्र्याचे आहे, हेही मग नजरेआड होते.

हे दारिद्र्य कोणी दूर करावे, याविषयी इणसुत्त मौन पाळते. त्याचे उत्तर दीघ निकायात आहे. कूटदन्तसुत्तातील राजा महाविजिताला मोठा यज्ञ करावयाचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, चोरांनी पीडलेल्या राज्यात नवा कर बसविणे हा अधर्म होईल आणि नुसत्या शिक्षेने चोरी थांबणार नाही. शेती व गोरक्षण करणाऱ्यांना बीजभत्त, व्यापार करणाऱ्यांना पाभत आणि राजसेवकांना भत्तवेतन द्यावे, हाच खरा उपाय होय. चक्कवत्तिसीहनादसुत्तात याचीच उलट बाजू आहे. निर्धनांना धन दिले गेले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा आली. दोन्ही ठिकाणी जाब विचारला आहे तो राजाला.

यांपैकी 'पाभत' हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. त्याचा सरळ अर्थ भांडवल. परंतु अट्ठकथेत आचार्य बुद्धघोष स्पष्ट करतात की, हे भांडवल साक्षीदार न ठेवता, कागदावर न चढविता, मुद्दल परत मागावयाचे नाही अशा रीतीने द्यावयाचे आहे. म्हणजे इण आणि पाभत या दोन भिन्न वस्तू आहेत. एकीच्या शेवटी बंधन येते. दुसरीच्या शेवटी सुत्तकार प्रजेचे चित्र काढतात : लोक मुलांना कडेवर नाचवीत 'अपारुतघरा', म्हणजे उघड्या दारांच्या घरांत, निर्भयपणे राहू लागतात. राज्य सुखी आहे की नाही, याची खूण येथे खजिना नसून घराचे दार आहे.

आता हीच कसोटी कर्जत-खालापुरास लावून पाहू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून गेला आणि २०१३ साली अधिसूचित झालेल्या 'नैना' क्षेत्रात या दोन्ही तालुक्यांतील गावे आली. नेरळपासून खोपोलीपर्यंत 'परवडणाऱ्या घरां'च्या जाहिराती उभ्या राहिल्या. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात गृहकर्जावर व्याज अनुदान होते. वार्षिक ६ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास ते जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये मिळे. पुढे १८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नासही २ लाख ३० हजारांपर्यंत मिळू लागले. हे अनुदान २०२१ व २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाले. २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते निराळ्या मर्यादांसह पुन्हा आले. दोन्ही वेळा ते कर्जखात्यातच जमा होते. ज्याला कर्ज मिळत नाही, त्याला हे अनुदानही मिळत नाही.

याउलट, ग्रामीण भागातील अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेचे सपाट प्रदेशातील अनुदान २०१६ पासून १ लाख २० हजार रुपये धरले गेले, आणि तेही स्वतःची जागा असेल तरच. शहरी व ग्रामीण घराचा खर्च सारखा नसतो, हे आम्ही जाणतो. तरीही १८ लाख मिळविणाऱ्यास देऊ केलेले साहाय्य बौद्धवाडीतील मजुराच्या साहाय्याहून जवळजवळ दुप्पट असावे, याचे समर्थन त्या फरकाने होत नाही. योजनेने पाभत वाटले, ते इण घेण्याची ऐपत असणाऱ्यांना!

ही ऐपत कशावर ठरते? बँक तारण मागते आणि तारणाला निर्वेध हक्क लागतो. आपल्या अनेक वाड्या गावठाणाच्या कडेला, गायरानावर किंवा जुन्या वतनी जमिनीवर आहेत. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले; पण फेरदान मिळालेली जमीन नव्या शर्तीची राहिली. तिच्या हस्तांतरणास परवानगी लागते आणि बँक कचरते. कातकरी बांधवांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांच्या कित्येक वाड्या खाजगी मालकाच्या सातबाऱ्यावर आहेत. जमीन विकली गेली की वाडी उठते. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल फेडण्यास ही कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि हिशेब पुरा होत नाही, म्हणून पुढील वर्षीही तेथेच जातात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली; परंतु इणसुत्ताच्या सहाही पायऱ्या भट्टीवर आजही पाहावयास मिळतात. परवडणाऱ्या घराची वीट ज्याने थापली, त्यालाच घर नाही.

कर्ज नाकारण्यातून वस्त्या कशा दरिद्री राहतात, याचा अनुभव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपल्यापूर्वी घेतला. १९३०च्या दशकात तेथील शासकीय गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे करून त्यांच्या वस्त्या तांबड्या रंगाने धोक्याच्या ठरविल्या. १९६८ मध्ये घरांच्या व्यवहारातील भेदभावास कायद्याने बंदी झाली. तेवढ्याने भागले नाही, म्हणून १९७५ च्या कायद्याने कोणत्या भागात किती गृहकर्जे दिली हे जाहीर करणे बँकांवर बंधनकारक झाले आणि १९७७ च्या कायद्याने, जेथून ठेवी घ्यावयाच्या तेथील गरीब वस्त्यांच्या कर्जाची गरजही भागविण्याचे दायित्व त्यांच्यावर आले. आपल्याकडे अग्रक्रम क्षेत्राला ४० टक्के कर्ज देण्याचा दंडक आहे आणि दुर्बल घटकांचाही त्यात वाटा आहे. परंतु कोणत्या गावात, कोणत्या समाजाच्या किती अर्जदारांना गृहकर्ज नाकारले, हे जाहीर करण्यास बँकांना भाग पाडणारा कायदा नाही. आपला नकाशा कोणी रंगविलेला नाही, म्हणून तो दिसत नाही इतकेच.

व्यवहार उघड असावा, ही अपेक्षा आपल्या परंपरेला नवी नाही. नाशिकच्या लेण्यातील लेखात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की, भिक्खुसंघासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजातून चीवरे द्यावयाची. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला, नोंदला गेला आणि दगडात कोरला गेला. म्हणजे संघाला व्याज सर्वस्वी निषिद्ध नव्हते, हे प्रवचनकारांनी ध्यानात घ्यावे. आणि व्याजाचा दर भिंतीवर कोरण्याइतका उघड होता, हे बँकांनी.

आमच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. महाविजिताची कथा दृष्टान्त आहे आणि पाभत व्यापारासाठी आहे. त्यांतून गृहनीती कशी काढावी? आक्षेप रास्त आहे. सुत्त हे अंदाजपत्रक नव्हे. परंतु त्यातील तत्त्व स्पष्ट आहे : निर्धनाच्या हाती प्रथम साधन देणे हे राज्याचे कर्तव्य होय. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये शेती व उद्योगांना भांडवल पुरविण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. तेथे कूटदन्तसुत्ताचा आधार त्यांनी दिलेला नाही. तरीही दिशा तीच आहे.

राज्याला हे अशक्य नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकूर समाजाची वस्ती गाडली गेली. त्यानंतर शासनाने सिडकोमार्फत चौकजवळ नवी वसाहत उभारली. तारण मागितले नाही, हप्ता बांधला नाही. हे पाभतच होय. पण ते मिळण्यासाठी आधी डोंगर अंगावर यावा लागला.

तेव्हा येत्या वर्षावासात इणसुत्त एकटे न वाचता कूटदन्तसुत्तासह वाचावे, अशी आमची विनंती आहे. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. वाड्यांच्या जागा गावठाणात घेण्यासाठी विहारांनी अर्ज तयार करावेत, नाकारलेल्या कर्जअर्जांची वही ठेवावी. अनाथपिण्डिकाला भगवंतांनी गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत आनण्यसुख, म्हणजे ऋण नसल्याचे सुख, तिसरे आहे. त्याआधी अत्थिसुख येते, म्हणजे आपले काही असण्याचे सुख. आपल्या प्रवचनांनीही हा क्रम पाळावा.