रुग्णालयातील खलपुरुष आणि भंडाऱ्याचे वाचक

लोकप्रिय कादंबरीचे परीक्षण दोन रीतींनी करता येते. ग्रंथ उघडून त्याचे गुणदोष पाहावे, ही पहिली रीत. तो मिटून ठेवल्यावर वाचकाच्या मनात काय उरले ते पाहावे, ही दुसरी. आमच्या टीकाकारांचा ओढा पहिलीकडे असतो, कारण दुसरीत दहा माणसांची दहा तोंडे ऐकून घ्यावी लागतात व त्यांपैकी निम्मी तरी टीकाकाराच्या मताविरुद्ध बोलतात. तथापि काही पुस्तके अशी असतात की त्यांचा परिणाम वाचनालयाच्या फळीपाशी थांबत नाही. डॉ. रॉबिन कुक यांची ‘कोमा’ ही कादंबरी त्यांपैकी होय. ती वाचणारा मनुष्य आज ना उद्या कोणत्या तरी रुग्णालयाच्या पायऱ्या चढणार असतो, आणि त्या वेळी ती त्याच्याबरोबर पायऱ्या चढते. म्हणून या लेखात आम्ही कादंबरीपेक्षा तिच्या वाचकांकडेच अधिक पाहणार आहोत.

ग्रंथकाराविषयी दोन शब्द. डॉ. कुक हे मूळचे नेत्रवैद्य. शिकाऊ डॉक्टरच्या आयुष्यावरील त्यांचे पहिले पुस्तक १९७२ साली निघाले, पण त्यास फारसा वाचक लाभला नाही. तेव्हा त्यांनी खपणाऱ्या कादंबऱ्या समोर घेतल्या, लेखक वाचकास कोणत्या युक्तीने कोठे ओढतो हे पाहिले, त्या युक्त्या पत्त्यांवर टिपून ठेवल्या, आणि त्या सर्व ‘कोमा’त वापरल्या, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. १९७८ साली मायकेल क्रायटन यांनी तिचा चित्रपट केला. त्यानंतर कुक यांनी याच जातीच्या कादंबऱ्यांची रांग लावली, आणि त्यांपैकी अनेकींचे मराठी अनुवाद आपल्या वाचनालयांत सुखाने नांदत आहेत. हजाराच्या घरात रहस्यकथा लिहून गेलेल्या बाबूराव अर्नाळकरांना असले पत्ते लिहावे लागले असतील, असे आम्हांस वाटत नाही. पण तो विषय निराळा.

कथानक थोडक्यात असे. बोस्टन शहरातील एका मोठ्या रुग्णालयात सुसान व्हीलर ही वैद्यकाची विद्यार्थिनी शिक्षणासाठी येते. तेथे एक तरुण स्त्री क्युरेटिंगसारख्या किरकोळ कामासाठी भूल घेते, ती पुन्हा शुद्धीवर येत नाही. एका तरुणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होते, त्याचीही तीच गत. सुसान शोध घेऊ लागते. वरिष्ठ तिला दटावतात. पुढे तिच्या जिवावर बेतते. अखेर उघड होते ते असे की आठव्या क्रमांकाच्या शस्त्रक्रियागृहात प्राणवायूच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड सोडून निरोगी माणसे जाणूनबुजून बेशुद्धीच्या खाईत लोटली जात आहेत, जेफर्सन इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेत ती तारांवर टांगून जिवंत ठेवली जात आहेत, आणि मागणी येईल तसतसे त्यांचे अवयव विकले जात आहेत. या सर्वांचा सूत्रधार म्हणजे रुग्णालयाचा प्रमुख शल्यचिकित्सक डॉ. स्टार्क.

भंडारा जिल्ह्यातील वाचकांकडून या कादंबरीविषयी व तिच्या भावंडांविषयी आम्ही जे ऐकत आलो, त्याचा सारांश देण्यापूर्वी येथील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. येथे दुखणे वाढले म्हणजे जिल्हा रुग्णालय, आणि तेथे हात टेकले म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरवरील नागपूर. ‘नागपूरला न्यायला सांगितले’ या तीन शब्दांत तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर येथील कोणत्याही घराचा वर्षाचा धान बुडालेला असतो. तेव्हा येथील वाचक रुग्णालयाची कादंबरी वाचतो ती बोस्टनची मौज म्हणून वाचत नाही. नागपूरच्या ‘मेडिकल’च्या व्हरांड्यात सतरंजी टाकून काढलेल्या रात्री त्याच्या मनात असतात.

त्याचे पहिले मत सर्वांना ठाऊक आहे: पुस्तक हातातून सुटत नाही. हे मत खरे आहे आणि आम्हांस मान्य आहे. प्रकरण कोठे तोडावे, भीतीचे कारण कितपत झाकावे, हे कुक यांस उत्तम कळते. भाषा मात्र सपाट, पात्रे पुठ्ठ्याची, आणि सुसान व तिचा मित्र डॉ. बेलोज यांची प्रीती तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहिल्यासारखी. तरीही एक श्रेय दिलेच पाहिजे. पुरुषांच्या त्या जगात ‘बाईमाणसाने इतके प्रश्न विचारू नयेत’ असे ज्या ज्या रीतीने सुचविले जाते, ते त्यांनी बारकाईने टिपले आहे. वाचकांपैकी शिकलेल्या मुलींनी हा भाग आवडल्याचे आवर्जून सांगितले, आणि त्यांचे म्हणणे पुरुष वाचकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, हेही आम्ही पाहिले.

दुसरे मत विचार करावयास लावणारे आहे. ‘हे सारे खरेच असते हो,’ असे वाचक म्हणतात. ग्रंथकाराचाही त्यास हातभार आहे. कारण कादंबरीच्या शेवटी टीप जोडून, ही कल्पना मनोरंजनासाठी असली तरी अशक्य कोटीतील नव्हे, असे त्यांनी बजावले आहे. परिणाम असा की आप्ताच्या मेंदूचे कार्य कायमचे थांबल्यावर अवयवदानाचा प्रश्न कोणी काढलाच, तर घरातील वाचलेला मुलगाच प्रथम पाठ फिरवितो. ‘कोमातल्या माणसाला फाडतात’ हे त्याने वाचलेले असते! येथे कादंबरी व वस्तुस्थिती यांतील अंतर स्पष्ट सांगणे हे परीक्षकाचे कर्तव्य आहे. कोमा व मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू या दोन निरनिराळ्या अवस्था होत. कोमातील मनुष्य जिवंत असतो व काही वेळा शुद्धीवरही येतो. मस्तिष्कस्तंभ मृत झालेला मनुष्य परत येत नाही. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यान्वये हा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासून प्रमाणित करावा लागतो. गरिबाचे मूत्रपिंड पैशाच्या लोभाने काढून घेणारे दलाल आपल्या देशात पकडले गेले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते गुन्हे जिवंत गरजू माणसास फसवून झाले. त्यांना तारांवर टांगलेल्या देहांचे मंदिर लागले नाही. फसवणुकीचे खरे रूप एवढे साधे आहे की त्यावर ‘कोमा’सारखी कादंबरी उभीच राहिली नसती.

तिसरे मत आम्हांस एका परिचारिकेने सांगितले, आणि आमच्या मते सर्व मतांत तेच मोलाचे. ती म्हणाली, “पुस्तक छान आहे, पण आमच्या वॉर्डात एवढं कारस्थान करायला वेळ कुणाला आहे?”

हे वाक्य ऐकून आम्ही हसलो, परंतु घरी आल्यावर ते हसू टिकले नाही. कारण भंडाऱ्यात बसून रुग्णालयाविषयी बोलताना ९ जानेवारी २०२१ ची रात्र टाळता येत नाही. त्या रात्री दीड-दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षास आग लागली. कक्षात १७ बालके होती. ७ वाचली, १० गेली, काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून. बालकांना ऊब देणाऱ्या यंत्रापाशी ठिणगी पडून आग लागली, असे चौकशीअंती सांगण्यात आले. पुढे काही अधिकारी व कर्मचारी यांच्यावर कारवाई झाली. त्याच वर्षी, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली व दाब उतरल्याने २० हून अधिक रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयातील आगीत, आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत माणसे गेली. प्राणवायूच नासला, हे कुक यांच्या कादंबरीचे रहस्य. नाशकात प्राणवायूच संपला. पण तेथे कोणी स्टार्क नव्हता.

रहस्यकादंबरीच्या घाटात एक गोष्ट गृहीत असते, ती ही की जे घडले ते कोणीतरी घडविले. मरण आले तर मारेकरी असला पाहिजे, आणि मारेकरी असला तर त्याच्यापाशी बुद्धी, धन व हेतू असला पाहिजे. ‘कोमा’च्या अखेरीस स्टार्क आपल्या कृत्याचे लांबलचक समर्थन करतो, समाजाच्या हितासाठी कोणीतरी कठोर निर्णय घेतले पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद. वाचक त्याचा द्वेष करतो, पण त्या द्वेषात एक विसावाही असतो. एवढ्या मोठ्या इमारतीत निदान एक मनुष्य तरी पूर्ण जागा होता, त्यास सर्व ठाऊक होते, आणि त्यास पकडले की संकट टळते! ही कादंबरी भय दाखविते असे सगळे म्हणतात. आमचे म्हणणे उलट आहे. ती भय हलके करते. आठव्या खोलीचे दार बंद केले की उरलेल्या खोल्या निर्धोक होतात, हे समाधान ती वाचकाच्या हाती ठेवून निघून जाते. बारा महिने चोवीस तास चालणारे यंत्र कोणी व केव्हा तपासले, धुराची सूचना देणारी व्यवस्था होती की नव्हती, रात्रपाळीस किती बालकांमागे किती परिचारिका होत्या, या प्रश्नांना खलपुरुषाचा चेहरा नसतो. म्हणून ते प्रश्न कादंबरीत येत नाहीत, आणि कादंबरी वाचून तयार झालेल्या मनातही येत नाहीत. आगीनंतर भंडाऱ्यात ‘यामागे कोणाचा तरी हात असला पाहिजे’ अशी कुजबुज आम्ही ऐकली. ती करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. ज्याचे मूल गेले त्यास ‘कोणीच काही केले नाही’ हे उत्तर कसे पचावे? परंतु कोणीच काही केले नाही हाच पुष्कळदा गुन्हा असतो. तो लिहावयास फार मोठा लेखक लागतो.

असे असले तरी ‘कोमा’त एक प्रकरण आहे की ज्यासाठी आम्ही ती संग्रही ठेवू. सुसानला संशय येतो तो पावलांच्या आवाजामुळे वा अंधारातील सावलीमुळे नव्हे. ती रुग्णालयाच्या संगणकातून भुलीनंतर शुद्धीवर न आलेल्या रुग्णांची यादी काढते आणि ती संख्या अपेक्षेहून कितीतरी अधिक असल्याचे तिला आढळते. प्रत्येक डॉक्टरपाशी आपापल्या रुग्णाचे दुःख होते. एकूण बेरीज कोणी केली नव्हती. वाचकांच्या तोंडून या प्रकरणाची स्तुती आम्ही एकदाही ऐकली नाही. ते म्हणे कंटाळवाणे, त्यात नुसते आकडे! आणि आमच्या मते सबंध पुस्तकात वास्तव काय ते तेवढेच आहे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नेमके हेच केले: गावोगावच्या बालमृत्यूंची मोजदाद. सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी अधिक बालके महाराष्ट्रात दगावतात, हे ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखविले. आणि घरच्या घरी नवजात बालकाची शुश्रूषा करण्यास गावातल्याच बाया शिकविल्या तर त्यांतील पुष्कळ वाचतात, हा त्यांचा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या अहवालात रहस्यकादंबरीस पुरेल इतके प्रेतांचे बळ आहे, खलपुरुष मात्र एकही नाही. वाचनालयात तो मागणारा वाचक आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

मग वैद्यकीय कादंबरीने करावे तरी काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे बोट आर्थर हेली यांच्या १९५९ सालच्या ‘द फायनल डायग्नोसिस’कडे आहे. रचनेत ती ‘कोमा’इतकी वेगवान नाही, मध्यंतरी रेंगाळते, आणि तिच्यातील प्रेमकथाही काही फार श्रेष्ठ प्रतीची नव्हे. पण तिच्यातील डॉ. पिअर्सन पाहा. प्रयोगशाळेचा हा म्हातारा प्रमुख दुष्ट नाही. कामात बुडालेला, हट्टी, आणि काळाच्या मागे पडलेला आहे. गर्भवतीच्या रक्ताची एक नवी तपासणी हवी, असे हाताखालचे लोक विनवितात. हा ती अनावश्यक ठरवितो. जिचे रक्त तपासावयाचे ती त्याच्याच प्रयोगशाळेतील तरुण मदतनीसाची पत्नी असते, आणि ते मूल दगावते. स्वयंपाकघरातील नोकरांची नेमाची तपासणी अशीच मागे पडते, आणि रुग्णालयातच विषमज्वराची साथ उठते. कोठेही पिस्तूल नाही, पाठलाग नाही. एक मागणीपत्र वेळेवर गेले नाही, एवढेच. ते प्रकरण वाचताना अंगावर काटा येतो तो आठव्या खोलीच्या काट्याहून निराळा असतो. कारण वाचकास आपल्या कचेरीतील, आपल्या शाळेतील, आपल्याच टेबलावरील मागे पडलेले कागद दिसू लागतात.

त्या परिचारिकेस आम्ही हेलींचे कथानक सांगितले. तिने मूल कसे गेले ते विचारले नाही, की म्हाताऱ्यास शिक्षा काय झाली तेही विचारले नाही. तिने एवढेच विचारले, “मागणीच्या कागदावर तारीख कोणती होती, आणि तो कुणाच्या टेबलावर पडून होता?”