एकच रिडिम, अनेक साक्षी

जमैकातील ख्रिस्ती रेगेसंगीतात एकाच वाद्यपटावर निरनिराळ्या गायकांची गीते बसवून संग्रह सिद्ध करण्याची पद्धती रूढ आहे. तिच्यावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात: हा पट नृत्यगृहातून उसना आणलेला आहे, आणि त्याच्या पुनरावृत्तीत भक्ताचा स्वतःचा स्वर लोप पावतो.

तालवाद्ये व बास गिटार यांनी बांधलेला, गायकाहून स्वतंत्रपणे टिकणारा हा पट जमैकी बोलीत 'रिडिम' म्हणून ओळखला जातो. 'साउंड डायमेन्शन' या वादकसंचाने १९६७ मध्ये वाजविलेला 'रिअल रॉक' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. लौकिक गीतांना आधार देणाऱ्या याच पटावर विली विल्यम्स यांचे 'आर्मागिडियन टाइम' उभे आहे. इंग्रजी 'आर्मगेडन'चे हे जमैकी रूप घडताना 'शास्ते' या ग्रंथातील गिदोनाचे नाव कानांत घुमत असावे. तेव्हा पवित्र आशय आणि रस्त्यावरचा ठेका यांची सोयरीक जुनी आहे. रूपी एडवर्ड्स यांनी १९७४ मध्ये 'यामाहा स्कँक' हा संपूर्ण संग्रह एकाच पटावर रचला.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर स्तोत्रपरंपरेतच सापडते. इंग्रजी स्तोत्रांत आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या वृत्तातील कोणतेही पद त्या वृत्ताच्या कोणत्याही चालीवर गाता येते. तेथे शब्द आणि स्वर यांचा विवाह अतूट नाही. पापा सॅन व लेफ्टनंट स्टिची हे नृत्यगृहातील नामवंत कलावंत १९९७ मध्ये ख्रिस्ती भक्तीकडे वळले, तेव्हा त्यांनी आपली उच्चारशैली टाकली नाही. तिचा विषय मात्र पालटला.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. परंतु भाषाविज्ञानात परिसर स्थिर ठेवून एकच घटक बदलला असता त्या घटकाचे मूल्य कळते, तसेच येथेही घडते. नृत्यगृहात एकाच रिडिमवर गायक परस्परांशी स्पर्धा करतात. भक्तिसंग्रहात ते साक्षसभेतल्याप्रमाणे एकामागून एक उठून बोलतात. स्वतःच्या पतनाची कथा क्रिओलमध्ये आणि देवाचे वचन १६११ च्या बायबलच्या इंग्रजीत, असा पालट जेथे साधतो, तेथे भाषांतरणच अर्थवाही होते. याउलट, तयार स्तुतिवचनांची नुसती माळ ओवणाऱ्या गीताचे दारिद्र्य समान पटावर लपत नाही.

खरी उणीव निराळीच आहे. मंडळीत पुढारी ओळ उच्चारतो, मंडळी ती गाते, आणि लय त्यांच्या श्वासाप्रमाणे लांबते. मुद्रित पट कोणासाठीही थांबत नाही. साक्षी पुष्कळ होतात, परंतु प्रतिसाद उमटत नाही. पुष्कळ संग्रहांच्या अखेरीस ठेवलेला शब्दरहित पट ही उणीव अंशतः भरून काढतो. कारण तेथे साक्ष देण्याची पाळी श्रोत्याची असते.