भास्कराचार्यांची ‘पहा’ उपपत्ति : एक परीक्षण

शके १०३६ त जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं भुज-कोटि-कर्णाच्या सिद्धान्तासाठीं एक आकृति काढून तिच्याखालीं ‘पहा’ एवढाच शब्द लिहिला, ही आख्यायिका गणितेतिहासाच्या ग्रंथांतून वारंवार आढळते. केवळ आकृति पाहून सिद्धान्त सिद्ध होतो काय, हा वाद तिच्यामुळेंच माजला आहे. कोलब्रूककृत इंग्रजी भाषांतर १८१७ सालींच प्रसिद्ध झालें असतां मूळ ग्रंथ न पाहतां या वादाचा निर्णय करणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

मूळ स्थळ बीजगणितांतील मध्यमाहरणाचें आहे. भुज १५ व कोटि २० असतां कर्ण किती, असें विचारून आचार्य रूढ गणिताची उपपत्तिहि मागतात आणि ती दोन प्रकारें देतात. पहिल्या प्रकारांत कर्णावर लंब टाकून त्रैराशिकानें आबाधा काढिल्या आहेत. २२५ व ४०० यांस कर्णानें भागिलें असतां त्या येतात. त्यांचा योग कर्णच, म्हणून कर्णवर्ग ६२५. दुसऱ्या प्रकारांत चार समान जात्य त्र्यस्रें कर्णाच्या समचौरसांत मांडिलीं असतां मध्यें भुजकोटींच्या अंतराचा, म्हणजे ५ चा, चौरस उरतो. चार त्र्यस्रांचें फळ ६००, मध्यचौरसाचें २५, मिळून ६२५.

परंतु या आकृतींत भुजवर्ग व कोटिवर्ग कोठेंच दिसत नाहींत. ती दाखविते तो द्विगुण घात व अंतरवर्ग यांचा योग. हा योग वर्गयोगाइतका असतो, हा नियम आचार्यांनीं तेथेंच स्वतंत्र सांगितला आहे. म्हणजे ‘पहा’ म्हणून ते थांबले नाहींत. आख्यायिकेनें उपपत्तीचा उत्तरार्धच गाळला आहे.

एक गोष्ट मात्र वाचकावर सोडिली आहे. चौरसाचे कोपरे काटकोन होतात ते त्र्यस्राचे दोन लघुकोन मिळून काटकोन होतो म्हणून. युक्लिडाच्या रीतीनें पाहणारास हें स्पष्ट लिहिलेलें हवें. जाणत्यास तें सहज भरतां येतें. सारांश, आकृति एकटी अपुरी. नियमासह पुरी, असें आमचें मत आहे.

म्हणून पोथीसंग्राहकांस आमची विनंति अशी कीं, बीजगणिताच्या प्रतीचें वर्णन करितांना आकृति आहे काय, त्र्यस्रें कशीं मांडिलीं आहेत, व पुढें नियम आहे काय, या तिन्ही गोष्टींची नोंद करावी. नियमावांचून आकृति उतरून घेणारी प्रत अर्धीच उपपत्ति राखते.